पहाटेच्या मालवणात कॅमेरा थोडा उशिरा काढा

मालवणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे तेथे सूर्य गावामागून उगवतो, आणि म्हणूनच सकाळचे कोवळे ऊन समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटबंदीवर थेट पडते. हा प्रकाश फार वेळ टिकत नसल्याने सूर्योदयापूर्वी अर्धा तास तरी किनाऱ्यावर पोहोचावे. पहिली पंधरा मिनिटे मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसते चालावे, कारण ओळखीच्या वाटेवर डोळे सवयीने पुष्कळ काही वगळतात, आणि ओल्या वाळूतले आकाशाचे प्रतिबिंब किंवा ओहोटीनंतर खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या इवल्या गोळ्या थांबल्याशिवाय दिसत नाहीत. रापण, म्हणजे मच्छीमार किनाऱ्यावरून दोरांनी ओढतात ते मोठे जाळे, ओढली जात असेल, तर दोरापासून दूर उभे राहावे, कारण जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत त्या माणसांना हात थांबवता येत नाहीत. छायाचित्र घेण्याआधी त्यांना विचारणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.