दुपारच्या उन्हात पुरेल असा पोर्टेबल फ्लॅश कसा निवडावा

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश दुपारी कमी पडायला लागला की सल्ला ठरलेला असतो: "सहाशेचा (६०० वॅट-सेकंदांचा) घेऊन टाक." लाइट माणसापासून किती लांब राहणार आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक: एफ/२.८ मोठं, एफ/१६ लहान) किती ठेवणार, हे विचारल्याशिवाय दिलेला हा सल्ला ऐकू नका. नाशिकमध्ये प्री-वेडिंग म्हणजे द्राक्षबाग, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर किंवा गोदाघाट. तिन्ही ठिकाणी ऊन उघडं, म्हणून हिशोब उन्हापासूनच करायचा.

१. गाइड नंबर (फ्लॅश किती लांब पोचतो ते सांगणारा आकडा) सोडा, वॅट-सेकंद (एका चमकेतली ऊर्जा) बघा. गाइड नंबर बहुतेक वेळा झूम हेड अरुंद करून मोजलेला असतो. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावल्यावर त्याचा काही उपयोग नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश साधारण ६० ते ८० वॅट-सेकंदांचा असतो, पोर्टेबल स्ट्रोब (स्टँडवर लावायचे बॅटरीवरचे मोठे फ्लॅश) २००, ४०० आणि ६०० मध्ये मिळतात. आकडा दुप्पट झाला की उजेड दुप्पट होतो, म्हणजे एक स्टॉप वाढतो, बस. २०० वरून ६०० वर गेलात तर हाती येतो जेमतेम दीड स्टॉप.

२. उन्हाशी गणित मांडा. निवड इथेच फसते, आणि मला स्वतःलाही हेच समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१२५ असेल तर एक्स्पोजर एफ/१६ च्या आसपास येतं. सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा कॅमेऱ्याचा सगळ्यात वेगवान शटर) १/२५० धरला तर एफ/११. म्हणजे ऊन पाठीशी घेऊन जोडप्याला उभं केलं आणि मागचं आकाश निळं हवं असेल, तर सॉफ्टबॉक्समधून चेहऱ्यावर एफ/८ ते एफ/११ इतका उजेड पोचायला हवा. सॉफ्टबॉक्सचे दोन पडदे त्यातला एक-दोन स्टॉप आधीच खातात.

आता अंतर. लाइट तीन मीटरवरून दीड मीटरवर आणला की उजेड चौपट होतो, दोन स्टॉप. २०० वरून ६०० वर जाऊन जे मिळतं त्यापेक्षा हे जास्त, आणि फुकट. म्हणून आधी लाइट फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा, मग आतला पडदा काढून बघा, मग साधा धातूचा रिफ्लेक्टर लावून बघा. भर उन्हात थोडा कडक उजेड खटकत नाही, कारण ऊनही कडकच असतं.

माझं मत स्पष्ट आहे. एकट्याचे कमरेपर्यंतचे फोटो जवळून काढत असाल तर २०० पुरतो. जोडपं डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये आलं की लाइट मागे सरकतो, आणि तिथे ६०० लागतो. खात्री करायला दोन्ही एक दिवस भाड्याने घ्या आणि दुपारी बाराला उन्हात उभे राहा. पूर्ण पॉवरवरच फोटो जमत असेल तर तो फ्लॅश तुमच्या कामाला लहान आहे. रोजचं काम अर्ध्या किंवा पाव पॉवरवर निभावलं पाहिजे. नाहीतर ऐन हसण्याच्या क्षणी तो रिचार्ज होत असतो, आणि एप्रिलच्या उन्हात लागोपाठ पूर्ण पॉवर मारल्यावर तापून बंद पडतो.

३. एचएसएसच्या (हाय-स्पीड सिंक, म्हणजे सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश) भरवशावर छोटा फ्लॅश घेऊ नका. मागची द्राक्षवेल धूसर हवी म्हणून एफ/२.८ ठेवलं की शटर १/४००० वर जातं. तिथे एचएसएस चालू होतं. फ्लॅश एकदा जोरात चमकण्याऐवजी शटरची फट पूर्ण सरकेपर्यंत भराभर चमकत राहतो, आणि बराचसा उजेड बंद पडद्यावर वाया जातो. उन्हाच्या तुलनेत साधारण दोन स्टॉपचं नुकसान धरा. ६०० चा फ्लॅश तिथे दीडशेचा होतो. त्यापेक्षा चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काळसर काच) लावा आणि शटर १/२५० वरच ठेवा. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी करतो, त्यामुळे उन्हापुढे फ्लॅशची ताकद तेवढीच राहते. एचएसएस मी फक्त संध्याकाळी, ऊन उतरल्यावर वापरतो.

४. स्टुडिओसाठी खालची मर्यादा तपासा. फ्लॅटच्या एका खोलीतल्या स्टुडिओत फ्लॅश कमी पडत नाही, जास्त होतो. ६०० चा फ्लॅश पूर्ण पॉवरच्या १/३२ पर्यंतच खाली येत असेल तर तेव्हाही जवळपास १९ वॅट-सेकंद फेकतो, आणि एफ/२.८ वर पोर्ट्रेट जमत नाही. १/२५६ पर्यंत उतरणारा घ्या.

येवल्याच्या पैठणीचं काम असेल तर रंग स्थिर राहतो का हे आधी बघा. एकाच पॉवरवर लागोपाठ वीस फोटो काढा आणि जरीचा रंग शेजारी शेजारी ठेवून तपासा. फरक दिसला तर तो फ्लॅश परत करा, एडिटिंगमध्ये प्रत्येक काठ सुधारत बसणं परवडत नाही. वाइन ओततानाचे थेंब गोठवायचे असतील तर फ्लॅश ड्युरेशनचा (चमक किती वेळ टिकते त्याचा) टी ०.१ हा आकडा विचारा, म्हणजे उजेड दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ. जाहिरातीत टी ०.५ (उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ) देतात, तो टी ०.१ च्या साधारण एक तृतीयांशच असतो.

५. माउंट (सॉफ्टबॉक्स बसवायची कडी) बोवेन्स प्रकारचाच घ्या. बहुतेक कंपन्यांचे सॉफ्टबॉक्स त्यावर बसतात.

६. ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र) फ्लॅशच्याच कंपनीचा, तुमच्या कॅमेऱ्यासाठी बनलेला.

७. बॅटरी दोन घ्या, आणि बंद गाडीत उन्हात ठेवू नका. ओझरहून विमानाने कामाला जात असाल तर बॅटरीवरचा वॅट-तासांचा आकडा वाचा. १०० पर्यंत चालते, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी केबिन बॅगेतच न्यावी लागते. गोडॉक्स एडी६०० प्रोची बॅटरी सुमारे ७५ वॅट-तासांची आहे, त्यामुळे अडचण येत नाही.

८. स्टँड आणि वाळूची पिशवी याच बजेटमध्ये धरा. बॅकवॉटरला वारा सुटला की मोठा सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. तीन किलोचं हेड वर असताना हलक्या स्टँडवर विसंबू नका. पिशवी सगळ्यात उंच पायावर टांगा, आणि वारा वाढला तर स्टँड धरायला एक माणूस ठेवा.