शरद ऋतूत गटाने डोंगरवाट चालताना: एका दिवसाच्या ट्रेकचे नियोजन

शरद ऋतूत डोंगरात जाणाऱ्या गटाला थंडीपेक्षा अंधार अधिक वेळा अडचणीत आणतो. विषुवदिनाच्या आसपास दिवस सर्वांत वेगाने लहान होत जातो. ४५ अंश अक्षांशावर तो रोज सुमारे तीन मिनिटांनी आखडतो, म्हणजे पंधरवड्यापूर्वी ज्या वाटेवरून कोणी निवांत उजेडात परतले असेल, त्याच वाटेवर तुमच्या दिवसातला जवळपास पाऊण तास गेलेला असतो. त्यातही दरीत आणि कड्याच्या आडोशाला ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बरेच आधी जाते. म्हणून नियोजन सूर्यास्तापासून सुरू करावे आणि हिशेब उलटा मांडत यावे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. मात्र हा धडधाकट चालणाऱ्याचा, न थांबता चालण्याचा वेग आहे. मिश्र गटासाठी आलेल्या उत्तराची दीडपट करावी, असे माझे मत आहे. जाऊन-येऊन १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई असेल, तर नियमाप्रमाणे चार तासांना थोडे कमी, दीडपट केल्यावर सहा तासांच्या आसपास आणि विश्रांती धरून सात तास होतात.

यावरून परत फिरण्याची वेळ ठरवावी आणि ती आदल्या दिवशीच सर्वांना सांगावी. सूर्यास्त सहाला असेल, उतरायला अडीच तास लागणार असतील आणि दीड तास हाताशी राखून ठेवायचा असेल, तर दुपारी दोनला, माथा समोर दिसत असला तरी, मागे वळायचे. हा निर्णय वरती घ्यायचा ठेवला, तर ‘आता एवढे आलोच आहोत’ या वाक्यापुढे कोणाचेही चालत नाही.

गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, हे सगळे मान्य करतात. पण विश्रांतीच्या वेळी नेमके काय घडते ते पाहावे. पुढे चालणारे दहा मिनिटे आधी पोहोचतात, सॅक उतरवतात, पाणी पितात आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोहोचला की उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. अशी तीन-चार वेळा पुनरावृत्ती झाली की त्याच्या पायात गोळे येतात आणि मग सगळ्यांचाच खोळंबा होतो. उपाय साधा आहे: विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस येऊन बसल्यापासून मोजावी. सर्वांत मागे अनुभवी माणूस ठेवावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. जिथे वाटेला फाटा फुटतो, तिथे मागचा माणूस नजरेस पडेपर्यंत पुढच्यांनी थांबावे. शरद ऋतूत हे अधिकच आवश्यक असते, कारण गळालेल्या पानांखाली मळलेली वाट आणि जनावरांची वाट सारखीच दिसते.

पाने नुसती वाट झाकत नाहीत, तर ओली झाली की निसरडी होतात आणि खालचे मूळ किंवा सुटा दगडही लपवतात. अशा ठिकाणी लांब टांग न टाकता पाऊल सपाट ठेवून, आधी काठीने चाचपून मग भार द्यावा. उतारावर गुडघे किंचित वाकलेले असावेत, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, दोघांमध्ये पुरेसे अंतर असावे.

कपड्यांबाबत एवढे लक्षात ठेवावे की उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि वारा असेल तर त्याहून जास्त गार वाटते. घामाने भिजलेला सुती कपडा अंगावर लवकर वाळत नाही, म्हणून तो टाळावा. चढाईला लागण्यापूर्वी एक थर उतरवावा आणि थांबताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, तो पुन्हा चढवावा. बोलता माणूस अचानक गप्प झाला, अडखळू लागला किंवा त्याला साधी चेन लावता येईना, तर शरीराचे तापमान उतरू लागल्याची शंका घ्यावी. त्याला आडोशाला नेऊन कोरडे कपडे घालावेत आणि शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्यावे.

प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प असावा. चौघांत एक चालत नाही, आणि मोबाइलचा दिवा हा पर्याय नव्हे, कारण थंडीत त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. शिट्टीही जवळ ठेवावी. संकटाची खूण म्हणून मिनिटाला सहा शिट्ट्या द्याव्यात, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे असते.

वाट, माणसांची संख्या आणि परतण्याची वेळ घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला लिहून द्यावी. पायथ्याशी उतरल्यावर आधी माणसे मोजावीत आणि लगेच त्या व्यक्तीला कळवावे, नाहीतर तुम्ही गाडीत डुलक्या घेत असताना शोधपथक डोंगर चढू लागलेले असेल.