पगच्या नाकावरची घडी: कापायची कधी आणि कशी

पग, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग या कुत्र्यांचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेलं, कातडी मात्र तेवढी आखडली नाही. ती नाक आणि डोळ्यांच्या मधे दुमडून बसते. घडीत हवा खेळत नाही, अश्रू झिरपत राहतात आणि मालासेझिया यीस्ट व स्टॅफिलोकोकस जीवाणूंचं फावतं. कुबट वास, तपकिरी चिकटा, खाली लालभडक ओली कातडी. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

घडी कापण्याची कारणं दोनच. नेमाने साफ करूनही दाह पुन्हापुन्हा होत असेल, किंवा घडीवरचे केस बुबुळाला घासत असतील. दुसऱ्या कारणात थांबून चालत नाही: कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होते, पगमध्ये काळा थर चढतो आणि नजर जाते. फ्लोरेसीनचा, म्हणजे जखम दाखवणाऱ्या रंगाचा, थेंब घातल्यावर नाकाकडच्या बाजूला हिरवा डाग दिसला, तर पहिला संशय घडीवर घ्या. पण पगची खालची पापणीही त्याच कोपऱ्यात आत वळलेली असते. तसं असेल तर नुसती घडी कापून भागत नाही, डोळ्याचा आतला कोपरा शिवून लहान करावा लागतो. डोळा कोरडा नाही ना, हेही शर्मरच्या पट्टीने (अश्रू मोजायची कागदी पट्टी) आधी तपासून घ्या. मिनिटाला 15 मिलिमीटरपेक्षा कमी ओल म्हणजे शंका.

डोळ्याची घाई नसेल तर आधी दोन-तीन आठवडे संसर्ग आवरा. सुजलेल्या, पू धरलेल्या कातडीत टाके टिकत नाहीत, फाटतात. घडीतला चिकटा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की औषध यीस्टसाठी द्यायचं की जीवाणूंसाठी, ते कळतं. रोज घडी पुसा आणि कोरड्या कापसाने टिपा. क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक वापरत असाल तर डोळ्यात जाऊ देऊ नका, कॉर्नियाला इजा होते. टाल्कम पावडर, खोबरेल, हळद यातलं काही घडीत भरू नका. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यात कापण्यापेक्षा भूल अवघड. मास्कने 3 ते 5 मिनिटं आधीच ऑक्सिजन, श्वासनलिकेत घालायच्या, वजनावरून वाटतात त्याहून बारीक नळ्याही हाताशी, उलटी रोखायला मॅरोपिटंट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुत्रा मान उचलून नळी चावायला लागेपर्यंत ती काढायची नाही. नाकपुड्या अरुंद असतील किंवा टाळू लांब असेल तर तेही याच भुलेत उरकता येतं का, डॉक्टरांना विचारा.

डोळ्यात भरपूर जेल घालून केस काढतात. जागा साफ करायला 10 टक्क्यांचं पोविडोन आयोडीन 50 पट पातळ करून घेतात. स्पिरिट किंवा फेसाळ स्क्रब इथे चालत नाही. घडी चिमट्याने उचलून रेघ आखायची आणि वक्र कात्रीने मुळाशी कापायची. मोह होतो तो आणखी थोडं कापण्याचा. जास्त कापलं की टाक्यांवर ताण येतो, खालची पापणी ओढली जाऊन बाहेर वळते. कमी पडलं तर पुन्हा कापता येतं, गेलेली कातडी परत येत नाही. टाके 5-0 जाडीच्या बारीक नायलॉन दोऱ्याचे, 2-3 मिलिमीटरवर एक. गाठी डोळ्यापासून लांबच्या बाजूला, टोकं आखूड. एक टोक डोळ्याकडे राहिलं तर केसाच्या जागी दोरा घासू लागतो!

घरी आल्यावर गळ्यात कोन (डोळ्यापर्यंत पंजा पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर), टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस. जेवतानाही काढला तर समोर बसा. पंजाच्या एका फटक्यात टाके उसवतात. फिरवायला पट्ट्याऐवजी हार्नेस. सूज दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. डोळा मिटून धरला, पू आला, तर त्याच दिवशी दाखवा. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. ॲलर्जी असेल तर तिचे उपचार चालूच राहतील, उरलेल्या घड्याही पुसाव्या लागतील.

बुलडॉगच्या वळलेल्या शेपटीखालचा खळगा ही वेगळी गोष्ट. तिथे बहुतेक वेळा शेपूटच काढावी लागते. आधी एक्स-रे हवा, कारण मणके आत गुदाशयाकडे वळलेले असतात. गुदद्वार तात्पुरतं टाका घालून बंद करतात. काम झाल्यावर तो टाका काढलाय ना, हे विचाराच. धोका गुदाशयाला भोक पडण्याचा किंवा तिथल्या नसांना इजा होण्याचा. पहिली शी कधी झाली ते लिहून ठेवा, आणि ती नकळत गळू लागली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.