घरापुढची बाग आणि सिट-आउट (बाहेर बसायची जागा): नाशिककरांनो, आखणी करताना या चुका टाळा

नव्या रो-हाउसचा ताबा मिळाला की महिनाभरात मोबाइलमध्ये बागेचे शे-दोनशे फोटो जमतात. गुळगुळीत लॉन, पांढरे गोटे, जांभळ्या फुलांचे ताटवे, लाकडी डेक. यातले बरेचसे फोटो थंड हवेच्या देशांतले असतात किंवा लागवड झाल्यावर आठच दिवसांत काढलेले असतात. तीच बाग मे महिन्यात किंवा तिसऱ्या पावसाळ्यात कशी दिसते, ते कोणी टाकत नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ या भागांतल्या बंगल्यांपुढे ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतल्या निम्म्या फोटो निवडतानाच झालेल्या असतात.

फोटो आवडला म्हणून झाड घेतलं

लॅव्हेंडर, हायड्रेंजिया, बॉक्सवुड ही झाडं फोटोत दिसली की नर्सरीत मागितली जातात आणि जानेवारीत ती मिळतातही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, वर बोअरचं क्षारयुक्त पाणी, आणि हायड्रेंजिया कडेकडेने करपायला लागतं. म्हणून फोटो पाहताना झाडाचं नाव सोडा आणि त्यात नेमकं काय आवडलं ते लिहून ठेवा. कापून नीट आकार दिलेलं हिरवं कुंपण आवडलं असेल, तर इथे ते कामिनीचं होतं. जांभळ्या रंगाचा पट्टा हवा असेल तर रुएलिया किंवा अँजेलोनिया लावा, उन्हात टिकतात. भिंत फुलांनी झाकायची असेल तर बोगनवेलीइतकं सोपं दुसरं काही नाही. फक्त तिला भरपूर ऊन द्या आणि पाणी कमी द्या. पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, आणि लोक म्हणतात रोपच खराब निघालं.

चांगल्या कल्पना खरं तर जवळच सापडतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी जुन्या कॉलन्यांमधून चक्कर मारा आणि कुठलं झाड तजेलदार आहे, कुठलं मान टाकून उभं आहे, ते बघा. तीच चक्कर ऑगस्टमध्ये पुन्हा मारा. आता बघायचं ते जमिनीकडे: कुणाच्या अंगणात पाणी थांबलंय, कुठल्या फरशीवर शेवाळ आहे, कुठल्या कडेचे पेव्हर (सिमेंटचे फरसबंदी ब्लॉक) उचकटले आहेत. फोटो काढाल तेव्हा त्यावर महिना आणि वेळ टाकून ठेवा. जुन्या नाशकातले वाडे उभे आहेत तोवर त्यांचे चौकही बघून घ्या. घडीव काळा दगड, मधे तुळस, पाण्याला वाट आणि गरजेपुरती सावली. इतक्या कमी वस्तूंत अंगण किती शोभतं ते तिथे कळतं.

सूर्य कुठून येतो ते पाहिलंच नाही

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो. म्हणजे २२ फूट उंच घराची सावली उत्तरेकडे जवळपास २१ फूट पडते. घर उत्तराभिमुख आणि पुढचं अंगण १५ फुटांचं असेल, तर थंडीत भर दुपारीही तिथे ऊन नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच अंगणाला कडक ऊन लागतं. नोव्हेंबरमध्ये लावलेली लॉन अशा जागी विरळ होते, मग माणसं खतावर खत टाकत राहतात. तिला हवं असतं रोजचं पाच-सहा तास ऊन, आणि खताच्या गोणीत ऊन मिळत नाही.

तुळशीचंही हेच. वृंदावन दिसायला छान म्हणून पोर्चच्या छताखाली बसवतात. थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला आणि दिवसाही ऊन नसलं, की तुळस लांबट, काटकुळी होते आणि मग वाळते.

आखणीआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ वाजता अंगणातली सावलीची कड खडूने किंवा चुन्याच्या फक्कीने मारा. बसायची जागा पश्चिमेला असेल तर एप्रिलमध्ये चार वाजता तिथे पाय ठेवून बघा. पॉलिकार्बोनेटचं छत टाकून भागत नाही, त्याखाली उष्णता कोंडते. पर्गोल्यावर (उघड्या पट्ट्यांच्या मांडवावर) वेल चढवा किंवा पश्चिमेच्या बाजूला सोडता-गुंडाळता येणारा बांबूचा पडदा लावा.

मापं न घेता सोफा आणि टेबल ठरवलं

आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटरला एक फूट धरून अंगण काढा. गेटची पानं कुठवर उघडतात, अंडरग्राउंड टाकीचं झाकण, ड्रेनेज चेंबर, मीटर, बोअर हे सगळं त्यावर आलं पाहिजे. चेंबरवर फरशी घालून ते गडप केलेली अंगणं कमी नाहीत. मग एक दिवस चोक-अप होतं आणि हातोडा काढावा लागतो. चेंबरला त्याच फरशीचा तुकडा बसवलेलं, उचलता येणारं झाकण करून घ्या.

दोन खुर्च्या आणि टीपॉयला ६ बाय ६ फूट लागतात. चौघांच्या टेबलाला खुर्च्या मागे सरकवण्यासकट १० बाय १०. झोपाळा टांगायचा असेल तर पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे सोडा, नाहीतर पाठ भिंतीला लागते. गाडीला ८ बाय १६ फूट धरून वर दार उघडायला दोन फूट. सगळं चुन्याने जमिनीवर आखा आणि चार दिवस त्या रेषांमधून ये-जा करा. पायवाट दोघांना शेजारी-शेजारी चालायची असेल तर चार फूट, एकट्यासाठी तीन.

उतार आणि पाणी: सगळ्यात महागात पडणारी चूक

नाशिकचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि त्यातले मोजके दिवस झोडपून काढतात. १२ बाय २० फुटांच्या अंगणावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ११०० लिटर पाणी होतं. ६०० चौरस फुटांच्या गच्चीचा पाइप तिथेच मोकळा सोडला असेल, तर आणखी २८०० लिटर. एवढ्या पाण्याने कुठे जायचं ते फरशीच्या रंगाआधी ठरवा.

उतार घरापासून दूर, दर पाच फुटांना एक इंच. १२ फुटांत जवळपास अडीच इंच होतात. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला पुरतो. गवंड्याला लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून दोन्ही टोकांच्या खुणा भिंतीवर मारायला सांगा, ‘अंदाजे ढाळ दिलाय’ यावर थांबू नका. फरशी आणि माती, दोन्ही प्लिंथच्या (घराच्या जोत्याच्या) किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. माती भरून भरून वाफा प्लिंथच्या वर गेला की आतल्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे निघतात, वाळवीलाही वाट मिळते. मग दोष वॉटरप्रूफिंगला दिला जातो. गच्चीचं पाणी बंद पाइपने थेट बाहेर काढा, किंवा शोषखड्ड्यात अथवा बोअरच्या पुनर्भरणाला न्या.

पाणी आधीच साचत असेल तर सगळं उखडायची घाई करू नका. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने डबक्याची कड खडूने आखा. डबकं फरशीच्या मधोमध असेल, तर तेवढाच भाग खचलाय आणि तेवढाच काढून बसवता येतो. ते भिंतीला लागून असेल तर ढाळच उलटा आहे. तिथे कडेने चार इंच रुंद जाळीची नाली काढणं स्वस्त पडतं.

काळ्या मातीवर सरळ पेव्हर

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वाळू पसरून पेव्हर बसवले की पहिल्याच वर्षी गाडीच्या चाकांखाली दोन चर पडतात. काळी माती फूट-दीड फूट काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, प्रत्येक थर दाबून भरा. त्यावर चार इंच खडी, पुन्हा दाबून. मग ग्रिटचा (दगडाच्या बारीक चुरीचा) थर एक ते दीड इंचच. खळगे बुजवायला हा थर तीन-चार इंच केला की पेव्हर खचणार हे नक्की. पायवाट आणि घरच्या गाडीसाठी ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, टँकर आत येणार असेल तर ८० चा घ्या. कडेला काँक्रीटचा कर्ब हवाच. तो नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि त्यांत गवत उगवतं.

खचलेला भाग दुरुस्त करताना वरून वाळू टाकून ब्लॉक परत बसवतात, तो दोन महिन्यांत पुन्हा बसतो. ब्लॉक काढा, ग्रिट काढा, खाली खडी भरून दाबा आणि मग नवा ग्रिट.

फरशीचं म्हणाल तर पॉलिश ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल बाहेर नकोच. ऑगस्टमध्ये बारीक शेवाळ धरतं आणि वयस्कर माणसं पडतात. खडबडीत शहाबाद, पॉलिश न केलेला कोटा, फ्लेम केलेला (ज्वाळेने खडबडीत केलेला) ग्रॅनाइट हे चालतात. काळा दगड मे महिन्यात तापतो, तो उघड्या उन्हात न घालता सावलीतल्या ओट्याला ठेवा. पांढरे गोटे दोन पावसाळ्यांत हिरवट होतात, वर झाड असेल तर पानं वेचत बसावं लागतं. त्यापेक्षा नदीचे करडे गोटे बरे.

फरशीच्या सांध्यांतून पांढरी खार फुटली की अनेक घरांत संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओततात. कोटा आणि शहाबाद हे चुनखडीचे दगड. अ‍ॅसिड पडताच वर फेस येतो, तो फेस म्हणजे विरघळणारा दगड. त्या जागी कायमचा फिकट, खरखरीत डाग राहतो. खार कोरड्या ताठ ब्रशने घासून झाडून टाका. पाण्याने धुतलीत तर ती विरघळून परत आत शिरते. दरवर्षी येत असेल तर खालून ओल येतेय, शोध तिचा घ्या.

डेब्रीजवर वाफा, वर लाल मातीचा मुलामा

बिल्डरने अंगणात विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुना असं सगळं पुरलेलं असतं. त्यावर दोन इंच लाल माती पसरून लॉन टाकतात. तीन महिन्यांनी नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता, कारण चुन्यामुळे माती विम्लधर्मी झालेली असते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरमागे अर्धा ग्रॅम घेऊन फवारा. द्राक्षपट्ट्यामुळे नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ते मिळतं. पण हा तात्पुरता उपाय. खरा इलाज दीड फूट डेब्रीज काढून टाकणं. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर प्रकरण वेगळं: बहुधा पाणी जास्त होतंय किंवा नत्र कमी पडतंय.

मातीचा हिशोब सोपा आहे. १० बाय २० फूट जागेत सहा इंच माती म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास. काळी माती असेल तर तिच्यावर लाल माती नुसती पसरू नका, दोन्ही एकत्र खणून मिसळा. नाहीतर सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं तिथेच कुजतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, ताज्या शेणाबरोबर हुमणी येते. पावसाळ्यात लॉनचे ठिगळ पिवळे पडून गवत मुळांशिवाय हातात येऊ लागलं, तर तिथे खुरप्याने उकरून पाहा. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसतील.

आणि लॉन किती? उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तर २०० चौरस फुटांना सुमारे ९० लिटर पाणी लागतं. टँकर मागवायची वेळ येत असेल तर १०० चौरस फुटांचीच लॉन करा आणि बाकी ठिकाणी झुडपं लावा.

रोपं दाटीवाटीने, झाडं भिंतीला खेटून

पिशवीतलं रोप फूटभर असतं म्हणून फुटा-फुटावर लावलं जातं. तगर, जास्वंद, अनंत यांना तीन ते चार फूट अंतर द्या. पहिलं वर्ष मोकळं वाटेल, तिथे झेंडू किंवा पोर्तुलाका टाका. फायकस, रबर प्लांट, कोनोकार्पस कंपाउंड किंवा टाकीजवळ नकोत, मुळं भेगांतून शिरतात. लहान अंगणाला पारिजातक, कांचन, देवचाफा पुरतात, तेही भिंतीपासून पाच-सहा फुटांवर. झाड चुकीच्या जागी मोठं झालं तर मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायदा १९७५ चा आहे आणि परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते.

पाइप आणि वायर शेवटी आठवली

फरशी होण्याआधी तिच्याखालून दोन इंची पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवा: एक पाण्यासाठी, एक वायरसाठी. टोकं वाफ्यात उघडी ठेवा आणि झाकणं लावा. खर्च किरकोळ, पण नंतर ठिबक किंवा दिवे हवे झाले तर फरशी फोडावी लागत नाही. दिवे आयपी ६५ चे (धूळ-पाणी आत न जाणारे) आणि ३००० केल्विनच्या आतले (पिवळसर उजेडाचे) घ्या, पांढरा झगझगीत उजेड बागेत डोळ्यांना टोचतो.

ठिबकसाठी १६ मिलिमीटरची नळी, झुडपाला ताशी ४ लिटरचा एक ड्रीपर आणि सुरुवातीला जाळीचा फिल्टर. बोअरच्या पाण्याचे क्षार ड्रीपरच्या तोंडाशी साठतात. आठवड्याला फिल्टर धुवा, महिन्याला नळीचं शेवटचं बूच काढून गढूळ पाणी वाहून जाऊ द्या. एका ओळीतलं शेवटचंच झाड सुकत असेल तर आधी तिथला ड्रीपर बघा, खताकडे नंतर वळा.

कामाचा क्रम असा ठेवा: खोदकाम, पाइप, फरशी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, रोपं जूनचे दोन चांगले पाऊस झाल्यावर. आणि गवंड्याशी सुरुवातीलाच ठरवून घ्या की बिलाचे शेवटचे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसात पाणी गेटकडे वाहून गेलेलं दोघांनी मिळून पाहिल्यावरच द्यायचे.