तिथीवरून भरती-ओहोटी कशी काढावी आणि त्या वेळेचे काय करावे

अलिबागच्या आसपास ज्यांचे घर आहे, त्यांच्या दिवसाला दोन घड्याळे असतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे समुद्राचे. दुसरे घड्याळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी मागे पडते, म्हणून काल सकाळी नऊला जेथे पाय न भिजता चालता आले तेथे आज नऊ वाजता अजून पाणी असते, आणि आठवड्याने त्याच नऊ वाजता तेथे होडी तरंगत असते. नव्याने राहायला आलेल्यांची, आणि इथल्याच पण शिक्षणा-नोकरीसाठी बाहेर राहून परतलेल्यांची, बहुतेक फजिती या एका गोष्टीत होते. मोबाइलवर वेळा मिळतात हे खरे, पण किनाऱ्यावर रेंज नसते तेव्हा, किंवा आठ दिवसांनंतरचा बेत आजच ठरवायचा असतो तेव्हा, तोंडी हिशेबाइतके कामाचे दुसरे काही नाही.

हिशेब असा. त्या दिवशीची तिथी घ्यावी, तिला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे; थोडक्यात, तिथीची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशी असेल तर नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. आणि दिवसातून दोन भरत्या येत असल्यामुळे चतुर्थीच्या तीनाचा अर्थ पहाटेचे तीन आणि दुपारचे साधारण साडेतीन असा घ्यावा, कारण दोन भरत्यांमध्ये बरोबर बारा तास नसून सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे असतात. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटीचा तळ मिळतो. पंचांग उघडण्याची गरज नाही, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर छापलेली तिथी पुरते.

या हिशेबाला दोन-तीन दुरुस्त्या लावाव्या लागतात आणि त्या जुन्या माणसांना सांगाव्या लागत नाहीत म्हणूनच नव्यांना सांगितल्या जात नाहीत. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, पण प्रत्यक्षात बाराच धरावे. पक्षाच्या शेवटी हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागे राहतो आणि प्रतिपदेला पुन्हा जुळतो. दुसरे म्हणजे हे गणित मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला बेतलेले आहे. भरतीची लाट दक्षिणेकडून वर येते, त्यामुळे वेंगुर्ला किंवा गोव्याकडे ती लवकर लागते, आणि खाडीत जितके आत जावे तितकी उशिरा पोचते. एखाद्या खाडीकाठच्या गावात राहणाऱ्याने आठवडाभर घड्याळ लावून पाहावे आणि आपल्या गावाचा फरक एकदा कायमचा ठरवून टाकावा. तिसरे, तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एका दिवसाची उडी पडल्यासारखी वाटते. समुद्र मात्र उडी मारत नाही, म्हणून अशा दिवशी मागच्या-पुढच्या दिवसांकडे पाहून मधली वेळ धरावी.

हिशेब बरोबर आला की नाही हे ताडून पाहायला आकाश आहे. आपल्या या पट्ट्यात चंद्र डोक्यावर येतो तेव्हा, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने, भरती असते; चंद्र उगवताना आणि मावळताना ओहोटी असते. पौर्णिमेला संध्याकाळी चंद्र उगवताना पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) लांबपर्यंत ओली वाळू चमकते ती त्यामुळेच.

वेळेइतकेच महत्त्वाचे आहे पाणी किती चढेल हे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसते, तर दोन-तीन दिवसांनी, द्वितीया-तृतीयेला येते, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. मुंबई-अलिबागला मोठ्या उधाणात भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला पाणी पार तळाला जाते. भांगात हा फरक निम्म्याहून कमी होतो. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे उधाणातही फरक दोन-सव्वादोन मीटरच असतो, म्हणून मालवणहून आलेला पाहुणा इथली ओहोटी पाहून समुद्र कुठे गेला असे विचारतो. आमच्याकडे एक मालवणचे जावई आहेत, ते दर वेळी विचारतात.

पाणी एकसारखे चढत नाही, हे आता ध्यानात घ्यावे, कारण फसगत येथे होते. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. पहिला तासभर समुद्र जागचा हललाच नाही असे वाटते आणि माणूस निवांत होतो. तिसऱ्या तासात, उधाण असेल तर, तेच पाणी तासाला मीटरभर चढते.

कुलाबा किल्ल्याची वाट हे या गणिताचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला अलिबागच्या पुळणीसमोर समुद्रात उभा आहे आणि ओहोटीला तेथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते. नियम सोपा आहे: ओहोटीच्या तळाआधी तास-दीड तास निघावे, पाणी ओसरत असताना जावे आणि पाणी फिरले की परत फिरावे. तळाची वेळ ही निघण्याची वेळ नव्हे, परतण्याची वेळ आहे.

हे मी जरा अधिकाराने लिहितो आहे, कारण एका जूनच्या पहिल्या शनिवारी मी पुण्याहून आलेल्या मावसभावाला आणि त्याच्या दोन मुलांना घेऊन किल्ल्यात साडेसात तास बसलो होतो. सकाळी कालनिर्णयावर पहिला शनिवार पाहिला, पंचमी दिसली, पावणेचारची भरती आणि म्हणून दहाची ओहोटी असा हिशेब तोंडी केला आणि सव्वानऊला घरातून निघालो. वाटेत घोट्याएवढे पाणी होते तेव्हाही शंका आली नाही. अकराला परत आलो तर वाटेवर छातीएवढे पाणी आणि त्याला चांगलीच ओढ. मे महिन्याचे पान कोणी उलटलेच नव्हते. आपण घाईत तारीख पाहत नाही, वार पाहतो; मागच्या महिन्यातला तोच शनिवार बहुधा अठ्ठावीस दिवसांपूर्वीचा असतो आणि चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तेथे छापलेली तिथी एक-दोन दिवस पुढची असते. त्या दिवशी खरी तृतीया होती, ओहोटी साडेआठच्या आतच होऊन गेली होती, आणि तृतीया म्हणजे भर उधाण. पर्यटकांच्या होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेल्या. जवळ एक बिस्किटांचा पुडा आणि तीन हापूस होते. किल्ल्यातल्या विहिरीचे पाणी गोडे आहे, गणपतीच्या देवळापाशी सावली आहे, आणि दुपारी तटावर बसून चोहोबाजूंनी चढणारे पाणी पाहणे मुलांना इतके आवडले की तोच कार्यक्रम पुन्हा कधी करायचा असे ती अजून विचारतात. साडेसहाला गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. घरी गेल्यावर आधी पान उलटले.

आता या गणिताचा सर्वांत चवदार उपयोग. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले), ज्यांना कोठे शिंपल्या आणि कोठे शिवल्या म्हणतात, त्या खाडीच्या मुखाशी वाळू आणि चिखल मिसळलेल्या भागात मिळतात आणि त्यासाठी उधाणाची ओहोटी लागते, कारण भांगात ती जमीन उघडीच पडत नाही. तळाच्या दीड-दोन तास आधी उतरावे आणि ओसरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे जावे. ओल्या वाळूत बारीक भोकांची जोडी दिसली की तेथे खुरप्याने हलकेच उकरावे. जोरात मारले तर शिंपला फुटतो आणि त्यात वाळू जाते. सरावलेल्या बायका खुरपे वापरतही नाहीत, पायाच्या अंगठ्याने चाचपून काढतात, आणि त्यांच्या टोपलीत आपल्या तिप्पट माल असतो. नखाएवढ्या तिसऱ्या परत टाकाव्यात. ज्या खाडीत गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी येते तेथील तिसऱ्या घेऊ नयेत, आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यानंतरही हा नाद सोडावा.

सारा आनंद घालवणारी गोष्ट म्हणजे कचकच. एका तिसरीतली वाळू सगळे सार बिघडवते. त्यावर उपाय असा की तिसऱ्या घरी आणताना बादलीभर स्वच्छ समुद्राचे पाणीही आणावे; नसेल तर लिटरमागे दोन मोठे चमचे मीठ घालून पाणी करावे, कारण समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. गोड्या पाण्यात तिसऱ्या तोंड मिटून बसतात, वाळू टाकत नाहीत आणि मरतात. पसरट भांड्यात एकावर एक रचू न देता तीन-चार तास सावलीत ठेवल्या की त्या हळूहळू तोंडे उघडून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या सोडू लागतात. आमच्या ओट्यावर अर्ध्या भिंतीपर्यंत डाग आहेत. मग त्या हातानेच उचलून घ्याव्यात, भांडे उपडे करू नये, नाहीतर खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्यावरच पडते. शिजवण्याआधी टकटक केल्यावर जी मिटत नाही ती फेकावी आणि वाफवल्यावर जी उघडत नाही तीही फेकावी. झाकण ठेवून वाफ आणल्यावर जे पाणी सुटते त्यात खरी चव असते. ते थोडा वेळ निवळू द्यावे, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे आणि वाटपात घालावे. मीठ त्यानंतर चाखून घालावे. हे मी पहिल्यांदा उलट क्रमाने केले होते आणि ते सार कोणीही खाल्ले नाही.

उधाण-भांगाचा बाजाराशीही संबंध आहे. बोंबील आणि जवळा प्रामुख्याने डोल जाळ्यात मिळतो, आणि डोल म्हणजे पाण्याच्या ओढीवर तोंड उघडून उभे राहणारे जाळे; उधाणाला ओढ जोराची असते म्हणून मासळी भरते, भांगात ती रोडावते. त्यामुळे सुकवण्यासाठी किंवा पाहुण्यांसाठी बोंबील घ्यायचे असतील तर अष्टमीच्या आसपास बाजारात जाऊन भावावरून वाद घालण्यापेक्षा पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-चार दिवस गाठावेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हा सल्ला गैरलागू आहे आणि बरणीतले सुके बोंबीलच खरे.

प्रवासालाही हेच गणित लावावे. गाळाने उथळ झालेल्या बंदरात ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, त्यामुळे वेळापत्रकात छापलेली फेरी आणि प्रत्यक्ष सुटणारी फेरी यांत फरक पडतो. तिकीटखिडकीवर चिडण्याआधी तिथी पाहावी. गाडी पुळणीवर नेऊच नये, पण कोणी ऐकणार नसेल तर निदान पाणी चढत असताना ओल्या वाळूत उभी करू नये. रुतलेले चाक काढायला जो अर्धा तास लागतो तेवढ्यात पाणी दारापर्यंत येते, आणि खारे पाणी एकदा आत गेले की गाडी सुरू झाली तरी तिचे दुखणे कायमचे राहते.

पावसाळ्यात मात्र हा हिशेब हौसेचा उरत नाही. मोठे उधाण आणि जोराचा पाऊस एका वेळी आले की ओढ्यांचे पाणी समुद्रात जायला वाट नसते आणि ते उलटे गावात पसरते. खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, तर उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ते शेत पुढे दोन-तीन वर्षे नीट पिकत नाही. म्हणून जून ते सप्टेंबरच्या पानांवर प्रत्येक पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या चार दिवसांना लाल पेन्सिलीने खूण करावी, त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा समासात लिहाव्यात, अंगणातली दुचाकी आणि तळातल्या फळीवरच्या तांदळाच्या गोण्या आदल्या संध्याकाळी उंचावर घ्याव्यात, आणि पहिल्या तारखेला पान उलटण्याचे काम घरातल्या एका माणसाकडे कायमचे सोपवावे. आमच्याकडे ते माझ्याकडे नाही.