क्लिनिकल इंटर्नशिपची फी भरण्याआधी

मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं विचारतात, ठाणे-नवी मुंबईत इंटर्नशिपला कुठलं ठिकाण चांगलं? पुढे काय करायचंय ते आधी ठरवा. बालविकास केंद्रात राहिलात तर बिने-कामत, सेग्विन फॉर्म बोर्ड, व्हाइनलँड या मुलांची बुद्धी आणि विकास मोजणाऱ्या चाचण्यांवर हात बसतो आणि शाळांची, विशेष मुलांची कामं सोपी जातात. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात स्किझोफ्रेनिया, बायपोलर समोर बसलेले दिसतात. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर १९०१पासूनचं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या, म्हणजे एम.फिल.सारख्या अभ्यासक्रमाच्या, प्रवेश-मुलाखतीत केस विचारली की वॉर्डात बसलेला आणि फक्त पुस्तक वाचलेला, दोघांतला फरक लगेच कळतो. एनजीओत समुपदेशन शिकाल, निदान फारसं नाही.

आता जे माझ्या वाट्याला आलं ते. एका खासगी क्लिनिकने फी घेताना सांगितलं, ‘इथले तास आरसीआयला धरतात.’ आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी संस्था. त्या भरवशावर मी त्या वर्षीची एम.फिल.ची प्रवेश परीक्षा दिली नाही. नीट वाचा: एम.ए.च्या इंटर्नशिपचे कितीही तास साठवले तरी आरसीआयचा सीआरआर नंबर, म्हणजे त्यांच्या केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, मिळत नाही. तो आरसीआयमान्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७मधली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही मान्य पदवीवरच उभी आहे, एम.फिल.च्या बाबतीत दोन वर्षं पूर्णवेळ शिक्षण, आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण त्या अभ्यासक्रमाच्या आतलं. बाहेरचं नाही. सर्टिफिकेटवर ‘आरसीआय-रजिस्टर्ड सुपरव्हायजर’ असं छापलेलं असतं, तो नंबर सुपरव्हायजरचा. तुमचा नव्हे. कोणी तोंडी काहीही सांगितलं तरी लेखी मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

म्हणून इंटर्नशिप वाया जाते का? अजिबात नाही. माझ्या त्याच महिन्यांत केस हिस्टरी आणि एमएसई (रुग्णाच्या मानसिक स्थितीची तपासणी) लिहायचा हात तयार झाला, तो आजही कामाला येतो. पण तो सुपरव्हायजरमुळे. तुमची केस हिस्टरी लाल पेनाने खोडून परत लिहायला लावणारा सुपरव्हायजर मिळाला तर फी, पगार, लोकलची गर्दी, सगळं विसरा आणि तिथेच थांबा. नुसतं ‘छान लिहिलंय’ म्हणणाऱ्यांकडून मी काही शिकले नाही. आणि सात दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटांवर पैसे घालवू नका, हे माझं ठाम मत आहे.

घाबरू नका, एक वर्ष उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. माझं झालं नाही. फक्त नियम बदलताहेत. यूजीसीने २०२२च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशांना २०२५-२६पर्यंत मुभा दिली. त्यामुळे सीनियरांच्या जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम आणि कोणती संस्था मान्य आहे, ते आरसीआयच्या यादीत स्वतः पाहा आणि मगच इंटर्नशिपचे महिने ठरवा.