पडक्या वाड्यातली खोली शूटिंगला घ्यायची असेल तर

मी अमळनेरकडचा, आधी लग्नाचे फोटो काढायचो. पुण्याच्या काही पोरांना शॉर्टफिल्मसाठी अंगावर काटा येईल अशी पडकी खोली पाहिजे होती, ती शोधून दिली आणि तिथून या कामाला लागलो. आता पारोळा, चोपडा, यावल या बाजूला लोकेशन बघून देतो. नवीन पोरं फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

ती पहिली खोली म्हणजे धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वाड्यातली मागची खोली, भिंतींचे पोपडे निघालेले, सागाचे खांब धुराने काळे, फडताळाचं एक दार लोंबकळतंय आणि जमिनीवर बोटभर धूळ. फोटो पाठवले, पोरांनी लगेच फायनल केलं. चार दिवसांनी सकाळी सातला टीम घेऊन पोचतो तर घरच्या आजींनी खोली झाडून, जाळी काढून, शेणाने सारवून ठेवलेली. "भाऊ, पाव्हना येनार व्हतात म्हनीसन झाडी-सारी ठेवं." आता त्यांना काय बोलणार, आपल्याकडे पाहुणा येणार म्हटल्यावर हेच करतात, मीच सांगितलं नव्हतं की आम्हाला ती धूळच पाहिजे. अर्धा दिवस चुलीची राख चाळणीने भुरभुरवण्यात गेला आणि तरी ती जुनी धूळ काही आली नाही. तेव्हापासून टोकन देतानाच सांगतो की खोलीला हात लावू नका, आणि का लावायचा नाही तेही नीट समजावतो.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आपल्याला ती खोली भीतीदायक दिसते पण आजींची ती बाळंतिणीची खोली होती, त्यांची लेकरं तिथेच झाली. टीममधला एक जण ओट्यावर उभा राहून मोठ्याने "हॉन्टेड हाऊस" म्हणाला, संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. घरमालक नानांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले भाऊ, घरात पुतणीला स्थळं बघणं चालू आहे, असं नका बोलू. मला फार वाईट वाटलं. आता सीन काय आहे तो आधी घरात बसून सांगतो, आणि करारात लिहून देतो की गावाचं, वाड्याचं, आडनावाचं नाव कुठेच येणार नाही. त्यावर घरचे नाही म्हटले तर खोली सोडून द्यायची, कितीही भारी असो.

मालक कोण हे नुसतं विचारून भागत नाही. वाड्यात चार भावांचे हिस्से असतात, एक सुरतला, एक नाशिकला. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, त्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती घ्या. एकदा सुरतच्या चुलतभावाचा फोन आला आणि ऐन शूटिंगमध्ये दोन तास कॅमेरा बंद. किल्ला किंवा लेणी अशी संरक्षित जागा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते.

आता धाबं. वर मातीचा जाड थर असतो, पाऊस पिऊन तो खूप जड होतो आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आतून उधईने (वाळवीने) खाल्लेलं असलं तरी बाहेरून कळत नाही. मी टोकाजवळ स्क्रूड्रायव्हर टोचून बघतो, सहज आत गेला की ती खोली नाही. पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर लगेच अशा खोलीत माणसं घालू नका, माडीवर तर अजिबात नाही. वटवाघळांची घाण असेल तर मास्क लावा, ती झाडायला जाऊ नका, त्या धुळीने फुफ्फुसाला इन्फेक्शन होऊ शकतं.

उजेडासाठी धाब्याला वर भोक ठेवलेलं असतं ना, साणं, ते ज्या खोलीला आहे ती मिळाली तर अर्धं काम झालं. आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो. मे संपताना तो जवळपास सरळ डोक्यावर असतो, म्हणून झोत सरळ जमिनीवर पडतो, डिसेंबरात तोच ४५ अंशात तिरपा येऊन भिंतीवर चढतो. थोडा धूप जाळला की झोत उठून दिसतो. मला डिसेंबरच आवडतो, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, कलाकाराचा मेकअप टिकत नाही.

वीज घरातून घेऊ नका. १००० वॅटचा एक हॅलोजन चार ॲम्पियरच्या वर खेचतो, जुन्या ५ ॲम्पियरच्या सॉकेटवर दुसरा लावला की वायर तापलीच, आणि वर सगळं वाळलेलं लाकूड. बॅटरीवरचे एलईडी न्या, नाहीतर जनरेटर, पण तो गल्लीच्या टोकाला, आवाज येतो.

भाड्याचं म्हणाल तर मी पहिल्या दिवसाचे ३००० दिले होते, अर्धे आधी. आत जाताना खोलीचा प्रत्येक कोपरा मोबाईलवर शूट करून ठेवा आणि निघताना तसाच लावून द्या. ते लोंबकळणारं दार आमच्याकडून निखळलं होतं, सुतार आणून बसवून दिलं, आजींनी त्याला आधीसारखंच एका बिजागरीवर ठेवायला सांगितलं.